कपाची किंमत आणि खुर्चीचे भाडे

इंदूर शहरातून जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याने राऊ आणि महूच्या दिशेने निघाले, की नैऋत्येला राजेंद्र नगर ही वसाहत लागते. इंदूर-महू लोहमार्गावर याच नावाचे एक छोटे स्थानक आहे. १९८४ साली पायाभरणी झालेले राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रही येथून जवळच आहे. इंदूरकरांच्या लेखी मात्र राजेंद्र नगरची पहिली ओळख मराठी माणसांची वसाहत अशीच आहे. होळकरांच्या राजधानीत पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेली आणि नंतरच्या काळात नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे येथे शेजारी शेजारी राहतात. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ साली इंदुरात झाला. त्यांच्या नावाचे सभागृह याच वसाहतीत उभे आहे. सभोवतीचे शहर महानगर झाले असले, तरी या वसाहतीचा स्वभाव एखाद्या लहान गावासारखा राहिला आहे.

अशा ठिकाणी माणसे एकमेकांना भेटतात कुठे? देऊळ, सभागृह, गणेशोत्सवाचा मंडप, सकाळी फिरायला जाण्याचे मैदान ही उत्तरे चटकन सुचतात. परंतु यांतील प्रत्येक ठिकाणी जाण्यास काही निमित्त लागते. आरती संपली, नाटकाचा पडदा पडला, की उठावे लागते. कोणतेही निमित्त नसताना जाऊन बसावे, ओळखीचा कोणी आला तर बोलावे, न आला तर वर्तमानपत्र वाचावे, अशी जागा म्हणजे कॉफीचे दुकान. अशी दुकाने लोकांची लाडकी असतात आणि तरीही बंद पडतात. बंद पडल्यावर हळहळणाऱ्यांची संख्या तर तेथे नियमित जाणाऱ्यांहून कितीतरी मोठी असते.

लोकप्रिय असूनही ही दुकाने का टिकत नाहीत आणि जी टिकतात ती कशाच्या बळावर टिकतात, हे समजून घेण्यासारखे आहे. राजेंद्र नगर हे त्याचे निमित्त. पण प्रश्न पणजी, मडगाव आणि म्हापशाच्या वाचकालाही परका वाटू नये.

उभ्याने खाणारे शहर

इंदूरची ख्याती खवय्यांचे शहर अशी आहे. सकाळी वाफेवर ठेवलेले पोहे, त्यांवर शेव आणि जिरावन, सोबत जिलेबी, दुपारी कचोरी, रात्री दागिन्यांच्या पेढ्या बंद झाल्यावर त्यांच्याच पायऱ्यांसमोर भरणारा सराफ्याचा खाद्यबाजार, आणि मूळच्या छप्पन दुकानांवरून नाव पडलेली ‘छप्पन दुकान’ ही रांग. या सर्व ठिकाणांचा एक समान गुण सहसा लक्षात येत नाही. तेथे बहुतेक लोक उभ्याने खातात. द्रोण किंवा प्लेट हातात घ्यायची, चार घास खायचे, कट चहा घ्यायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला जागा करून द्यायची.

ही पद्धत व्यवसायाच्या दृष्टीने अत्यंत फायद्याची आहे. दहा मिनिटांत एक गिऱ्हाईक निघून जाते, म्हणून त्याच जागेत तासाला सहा गिऱ्हाइके होतात. पदार्थ स्वस्त ठेवता येतो, विक्री मोठी होते आणि लहानशा गाळ्यावरही कुटुंब चालते. इंदूरचे खाणे चांगले आणि परवडणारे राहिले, त्यामागे या वेगाचा मोठा वाटा आहे. परंतु या वेगात गप्पा बसत नाहीत. उभा माणूस आठवण सांगत नाही, वादही घालत नाही. त्यासाठी बसावे लागते आणि बसण्यासाठी खुर्ची लागते. कॉफीच्या दुकानाचे सारे अर्थकारण या खुर्चीभोवती फिरते.

कॉफी तर घरातही मिळते

केवळ कॉफी हवी असेल, तर मराठी माणसाला घराबाहेर पडण्याचे कारण नाही. चहा रोजचा आणि कॉफी मानाची, अशी विभागणी अनेक मराठी घरांत दीर्घकाळ होती. पाण्यात साखर आणि कॉफीची पूड उकळायची, दूध घालायचे, वरून जायफळ उगाळायचे किंवा वेलची टाकायची आणि गाळून पाहुण्यापुढे ठेवायची. या एका कपात मोठा भूगोल सामावलेला असतो. भारतातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते, म्हणजे कॉफी येते चिकमगळूर, कोडगू आणि हासनच्या डोंगरांतून. जायफळ गोव्यातील कुळागरांतही पिकते. एक पदार्थ झोप उडवणारा, दुसरा झोप आणणारा अशी ख्याती असलेला. आणि दोघे एकाच कपात नांदतात.

इंदूरच्या थंडीत लग्नसमारंभांत आणखी एक प्रकार दिसतो. तिला सर्रास ‘एक्स्प्रेसो’ म्हणतात. यंत्राच्या नळीतून वाफ सोडून दूध फेसाळतात, त्यात विरघळणारी कॉफी असते आणि वर चॉकलेटची पूड भुरभुरवतात. इटलीतील एस्प्रेसोशी तिचे नावापलीकडे फारसे नाते नाही, कारण मूळ एस्प्रेसोमध्ये बारीक दळलेल्या कॉफीतून दाबाखाली गरम पाणी काढतात. घरोघरी कप आणि चमचा घेऊन साखर-कॉफी पांढरी होईपर्यंत फेटणे हा त्याच फेसाचा घरगुती अवतार. २०२० च्या टाळेबंदीत ‘डालगोना’ या नावाने जगभर गाजलेली कॉफी आपल्याकडे पूर्वीपासून फेटली जात होती.

सांगायचे ते इतकेच, की दुकानातली कॉफी घरच्या कॉफीहून स्वस्त कधीच नसते आणि अधिक आवडती असेलच असेही नाही. तरीही माणूस तेथे जातो. तो पैसे कशाचे मोजतो, हे इतिहासात डोकावले तर अधिक स्पष्ट होते.

कॉफी हाऊस जन्माला कसे आले

सोळाव्या शतकाच्या मध्यास इस्तंबूलमध्ये कॉफीगृहे उघडली आणि शंभर वर्षांत ती लंडनपर्यंत पोहोचली. तेथे एका पेनीत कॉफी, बातम्या आणि चर्चा मिळत असे. एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहात बसणाऱ्या जहाज व्यावसायिकांच्या बैठकीतून पुढे लॉइड्स ही विम्याची बाजारपेठ उभी राहिली. डिसेंबर १६७५ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने कॉफीगृहे बंद करण्याचा हुकूम काढला, कारण तेथे राज्यकारभारावर टीका होई. लोकांचा रोष एवढा, की जानेवारीत हुकूम मागे घ्यावा लागला. राजाला भीती वाटली ती कॉफीची नव्हे. एकत्र बसलेल्या माणसांची.

भारतातील कॉफी हाऊसची कथा अधिक व्यवहारी आहे. १९३० च्या दशकात जगभर मंदी होती आणि भारतीय कॉफीचे निर्यातभाव कोसळले होते. परदेशात माल खपत नाही, तर देशातच पिणारे निर्माण करावेत, या विचाराने १९३५ साली कॉफीवर उपकर बसवून एक समिती नेमण्यात आली. तिच्या प्रचारकार्याचा भाग म्हणून १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे पहिले इंडिया कॉफी हाऊस उघडले. पुढे १९४२ च्या कायद्यान्वये कॉफी बोर्ड आले आणि देशातील मोठ्या शहरांत अशी कॉफी हाऊसे निघाली. थोडक्यात, बागायतदारांचा माल खपवण्यासाठी काढलेले ते विक्रीकेंद्र होते. लेखक, वकील, विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांनी त्याचे बैठकीच्या जागेत रूपांतर केले.

१९५० च्या दशकाच्या मध्यास बोर्डाने ही कॉफी हाऊसे बंद करण्याचे ठरवले. शेकडो कामगारांच्या नोकऱ्या जाणार होत्या. त्या वेळी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी कामगारांना सहकारी संस्था स्थापून हा व्यवसाय स्वतःच चालवण्याचा मार्ग दाखवला. ऑगस्ट १९५७ मध्ये बंगळुरू येथे पहिली संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत कामगारांच्या मालकीचे कॉफी हाऊस सुरू झाले. ‘इंडिया कॉफी हाऊस’चे ‘इंडियन कॉफी हाऊस’ झाले. राज्याराज्यांत वेगवेगळ्या संस्था उभ्या राहिल्या. मध्य प्रदेशातील कॉफी हाऊसे जबलपूर येथे मुख्यालय असलेली कामगारांची सोसायटी चालवते. इंदूरमधील इंडियन कॉफी हाऊस याच परंपरेतले. पांढरा गणवेश, रुंद पट्टा आणि पंख्यासारखा तुरा असलेली पगडी घातलेला वाढपी ही या परंपरेची खूण. त्या पगडीखालचा माणूस नोकर असतो आणि मालकही.

खुर्चीचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एक काल्पनिक दुकान घेऊन साधा हिशेब मांडता येतो. यातील आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत.

एका कपाला सुमारे १० ग्रॅम पूड लागते असे धरू. म्हणजे एका किलोत १०० कप. पूड ६०० रुपये किलो असेल, तर कपामागे कॉफीचा खर्च ६ रुपये. दूध, साखर आणि इंधनाचे १० रुपये धरले, तर कपातील मालाची किंमत १६ रुपये होते.

दुकानात ४० खुर्च्या आहेत आणि ते रोज १० तास उघडे असते. महिन्याचे ३० दिवस धरले, तर एकूण १२,००० ‘खुर्ची-तास’ होतात. सगळ्या खुर्च्या सर्व वेळ भरलेल्या नसतात. एक तृतीयांश भरतात असे मानू. म्हणजे प्रत्यक्ष वापरात येतात ४,००० खुर्ची-तास. जागेचे भाडे ८०,००० रुपये, सहा कामगारांचे पगार ९०,००० रुपये, वीज आणि किरकोळ खर्च २०,००० रुपये. एकूण १,९०,००० रुपये. त्याला ४,००० ने भागले, की एका खुर्चीवर एक तास बसण्याचा खर्च साडेसत्तेचाळीस रुपये येतो.

आता दोन गिऱ्हाइके पाहू. पहिला पंधरा मिनिटांत कॉफी पिऊन निघाला. त्याच्या खुर्चीचा खर्च सुमारे १२ रुपये, मालाचे १६. एकूण २८ रुपये. कप ४० रुपयांना विकला, तर दुकानदाराला १२ रुपये सुटले. दुसऱ्याने तीच कॉफी घेतली आणि मित्रांची वाट पाहत दोन तास बसला. त्याच्या खुर्चीचा खर्च ९५ रुपये, मालाचे १६. एकूण १११ रुपये. त्याच ४० रुपयांच्या कपात दुकानाला ७१ रुपयांची खोट आली. ज्या गिऱ्हाइकामुळे त्या जागेला ‘लाडके दुकान’ अशी कीर्ती मिळते, तोच गिऱ्हाईक हिशेबाच्या वहीत तोट्याच्या बाजूला असतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अराबिका कॉफीचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारात पौंडाला ४ डॉलरच्या वर, म्हणजे तोवरच्या उच्चांकावर गेला होता. ब्राझील आणि व्हिएतनाममधील हवामानाचा फटका त्यामागे होता. अशा वेळी ‘कॉफी महागल्यामुळे दुकाने अडचणीत’ अशी चर्चा होते. आपल्या उदाहरणात पूड ६०० वरून ९०० रुपयांवर गेली, तर कपामागे वाढ होते केवळ ३ रुपयांची. मात्र जागेचे भाडे ८०,००० वरून दुप्पट झाले, तर प्रत्येक खुर्ची-तास २० रुपयांनी महागतो आणि दोन तास बसणाऱ्या गिऱ्हाइकामागे ४० रुपयांचा जादा भार पडतो. कॉफीचा भाव बातमीत येतो; दुकानाचा गळा आवळतो तो भाड्याचा करार.

यावर दुकानदारापुढे थोडेच मार्ग उरतात. कपाची किंमत इतकी वाढवायची, की तीत खुर्चीचे भाडे निघावे. मोठ्या शहरांतील झगमगीत कॅफेंनी हेच केले. तेथील महाग कॉफी म्हणजे बव्हंशी वातानुकूलित खुर्चीचे भाडे असते. त्या मार्गालाही मर्यादा आहेत. १९९६ साली बंगळुरूत सुरू झालेली कॅफे कॉफी डे ही साखळी २०१९ पर्यंत सतराशेहून अधिक दुकानांपर्यंत पोहोचली आणि कर्जाच्या ओझ्याखाली पुढील पाच वर्षांत पाचशेच्या आत आली. दुसरा मार्ग म्हणजे खुर्च्या कमी करून किंवा अवघडलेल्या ठेवून गिऱ्हाइकाला लवकर उठवायचे. तिसरा मार्ग कॉफीसोबत खाद्यपदार्थ विकण्याचा. इंडियन कॉफी हाऊसमधील डोसा आणि कटलेट यांनी तेथील गप्पांचे भाडे अनेक वर्षे भरले आहे.

या हिशेबात एक दिलासाही दडलेला आहे. जी खुर्ची तशीही रिकामी राहणार होती, तीवर कोणी बसल्याने दुकानाचा खर्च वाढत नाही. संध्याकाळी सहा वाजता गर्दी असताना दोन तास अडवलेली खुर्ची महाग पडते, कारण तिच्यासाठी दुसरे गिऱ्हाईक दाराशी उभे असते. दुपारी तीन वाजता तीच खुर्ची जवळजवळ फुकट असते. जुन्या उपाहारगृहांचे मालक दुपारी निवृत्त मंडळींच्या लांबलेल्या बैठकीकडे काणाडोळा करत आणि संध्याकाळी मात्र बिल लवकर आणून ठेवत. त्यामागे केवळ स्वभाव नव्हता. अनुभवातून आलेले हे शहाणपण होते.

जागा कोणाची?

हिशेब असा असताना काही दुकाने साठ-सत्तर वर्षे टिकली कशी? त्यांच्याकडे पाहिले, तर बहुतेकांच्या बाबतीत तीनपैकी एक गोष्ट आढळते. जागा स्वतःची असते, जुन्या कराराने अल्प भाड्यात मिळालेली असते, किंवा एखाद्या सार्वजनिक संस्थेने आपल्या आवारात दिलेली असते. तिन्हींमध्ये खुर्चीचे भाडे बाजारभावाने द्यावे लागत नाही. सहकारी संस्थेला याशिवाय आणखी एक आधार मिळतो. तेथे बाहेरच्या भागधारकाला नफा द्यायचा नसतो. नफा मोठा नसला तरी चालते. सभासद कामगारांचे पगार निघाले आणि थोडी शिल्लक राहिली, की पुरे.

परंतु स्वस्त जागा ही जितकी मोठी शक्ती, तितकाच मोठा धोका. ती दुसऱ्याच्या हातात असते. मुंबईच्या जहांगीर कलादालनातील ‘समोवार’ हे उपाहारगृह १९६४ साली सुरू झाले. चित्रकार, कवी, विद्यार्थी यांच्या किमान दोन पिढ्या तेथे बसल्या. कलादालनाला ती जागा परत हवी होती आणि मार्च २०१५ च्या अखेरीस ते बंद झाले. बंगळुरूच्या महात्मा गांधी मार्गावरील इंडियन कॉफी हाऊसला पन्नास वर्षांनंतर, २००९ साली, जागेच्या वादातून तेथून हलावे लागले; ते चर्च स्ट्रीटवर गेले म्हणून वाचले. दिल्लीत कॅनॉट प्लेस येथील कॉफी हाऊस आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, पाडण्यात आले. तिन्ही ठिकाणी गिऱ्हाइकांची वाण नव्हती. कॉफीही बिघडली नव्हती. पायाखालची जमीन दुसऱ्याची होती, एवढेच.

सहकारी कॉफी हाऊसचे गोडवे गाताना त्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. निर्णय सभासदांच्या सहमतीने होतात, म्हणून ते सावकाश होतात. फर्निचर जुने राहते, पदार्थांची यादी वर्षानुवर्षे तीच असते आणि तरुण गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. ‘बसू देतात’ हा गुण ‘विचारायलाच कोणी येत नाही’ या अवगुणापासून फार दूर नसतो. तरीही ज्या कामगाराला नफ्यासाठी गिऱ्हाइकाला उठवण्याची घाई नसते, तोच गिऱ्हाइकाला बसू देतो, हे सूत्र या संस्थांनी सहा दशकांहून अधिक काळ सिद्ध केले आहे.

गोमंतकीय वाचकाला यातील बरेच ओळखीचे वाटेल. पणजीचे कॅफे तातो १९१३ पासूनचे. तेथे आणि कॅफे भोसलेसारख्या ठिकाणी गर्दीच्या वेळी अनोळखी माणसासमोर बसून पाव-भाजी खाणे पणजीकरांच्या अंगवळणी पडले आहे. ही इंदूरच्या उभ्या पद्धतीची बसलेली आवृत्ती म्हणता येईल: बसायचे, पण फार वेळ नाही, भेट छोटी, पण रोजची. निवांत बसण्याची दुसरी पद्धत आपण पाहिली ती कला अकादमीच्या उपाहारगृहात. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या त्या वास्तूत, मांडवीच्या काठी, तालमीला आलेला नट आणि सहज आलेला विद्यार्थी एकाच ठिकाणी चहा घेत. २०२१ नंतर नूतनीकरणासाठी वास्तू बंद झाली, तेव्हा रंगमंचाबरोबरच या बैठकीचीही उणीव अनेकांना जाणवली. सार्वजनिक वास्तूतील साधे उपाहारगृह हे संस्कृतीचे किरकोळ अंग नसते, याचा तो अनुभव होता.

भाषा कुठे बसते?

राजेंद्र नगरसारख्या वसाहतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तेथे घराबाहेर पडताच व्यवहाराची भाषा हिंदी होते. भाजीवाला, बँक, शाळा, दवाखाना सर्वत्र हिंदी. मराठी उरते ती घरात आणि कार्यक्रमात. घरातली मराठी पिढीगणिक आकसत जाते, कारण मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी जातात. कार्यक्रमातली मराठी थोर असते, पण ती व्यासपीठावरून एकतर्फी बोलली जाते. सानंद न्यासासारखी संस्था इंदुरात मराठी नाटकांना मोठा प्रेक्षकवर्ग मिळवून देते; २००१ साली इंदुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही झाले. या साऱ्याचे मोल मोठे आहे. तथापि नाटक पाहताना प्रेक्षकाला गप्प बसावे लागते. भाषा जिवंत राहण्यासाठी तिच्यात थट्टा, कुरबुर, अफवा, क्रिकेटवरचे वाद आणि शेजाऱ्याच्या तब्येतीची चौकशी व्हावी लागते. ते घडते निरुद्देश बैठकीत.

इंदूरच्या सांस्कृतिक इतिहासात अशा बैठकीचे मोठे उदाहरण आहे. ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाचे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णु चिंचाळकर, रंगकर्मी बाबा डिके आणि देवासला राहणारे कुमार गंधर्व ही स्नेही मंडळी. कोणी हिंदी पत्रकारितेत, कोणी चित्रकलेत, कोणी संगीतात. बहुतेकांची मातृभाषा मराठी आणि कार्यक्षेत्र सर्वांसाठी खुले. त्यांच्या मैत्रीने माळव्याच्या कलाजीवनाला समृद्ध केले. ही मैत्री एखाद्या समितीच्या ठरावातून जन्मली नव्हती. एकत्र बसण्यातून ती वाढली. आजच्या राजेंद्र नगरमध्ये अशी चार माणसे असतील, तर ती एकमेकांना सापडणार कुठे, हा प्रश्न म्हणूनच केवळ कॉफीचा उरत नाही.

गोव्यातही मराठीला आपली जागा रोज नव्याने शोधावी लागते. आपण ती वृत्तपत्रांत, मंदिरांच्या मंडपांत आणि नाट्यस्पर्धांत शोधतो. ते योग्यच आहे. त्या यादीत चहा-कॉफीच्या टेबलाचा समावेश सहसा होत नाही.

लाडके दुकान टिकवायचे तर

वरील हिशेबातून काही साध्या गोष्टी निघतात. पहिली गिऱ्हाइकांसाठी. दोन तास बसायचे असेल, तर दुसऱ्यांदा काहीतरी मागवावे. आणि शक्य असेल, तर गर्दीची वेळ टाळून दुपारी जावे. दुकानदाराच्या तोंडावर आलेले हसू पुष्कळदा या दोन गोष्टींवर अवलंबून असते. आपल्या आवडत्या दुकानात महिन्यातून एकदा जाऊन वर्षभर त्याचे कौतुक करणाऱ्याकडून दुकान चालत नाही. आठवड्यातून तीनदा जाऊन तक्रार करणाऱ्याकडून ते चालते.

दुसरी गोष्ट संस्थांसाठी. वसाहतीत सभागृह, वाचनालय, समाजमंदिर आधीच उभे असते आणि कार्यक्रम नसताना ते कुलूपबंद असते. त्याच्या व्हरांड्यात सवलतीच्या भाड्याने आणि दीर्घ मुदतीच्या लेखी कराराने एक लहान कॉफीचे दुकान देता आले, तर खुर्चीच्या खर्चातील सर्वांत जड भाग हलका होतो. करारात दोन अटी पुरेशा आहेत: किमान एक पेय सामान्य माणसाच्या आवाक्यात असावे आणि बसलेल्या माणसाला उठवू नये. ‘समोवार’चा अनुभव लक्षात ठेवून मुदत संपल्यावर काय होईल, हेही आरंभीच लिहून ठेवावे.

तिसरी गोष्ट मालकीची. १९५७ साली नोकरी जाण्याच्या भीतीने एकत्र आलेल्या वाढप्यांनी आणि आचाऱ्यांनी देशभर कॉफी हाऊसे चालवून दाखवली. एका वसाहतीतील शे-दोनशे कुटुंबांना थोडे थोडे भांडवल घालून एक लहान दुकान चालवणे त्याहून अवघड नसावे. ज्या गोव्यात आणि महाराष्ट्रात पतसंस्थांपासून दूधसंस्थांपर्यंत सहकाराची सवय आहे, तेथे ही कल्पना अपरिचित वाटण्याचे कारण नाही.

कॉफीची पूड बाजारात कुठेही मिळते आणि जायफळ तर आपल्या कुळागरातच आहे. महाग झाली आहे ती निवांत बसण्याची जागा. तिचे भाडे कोणीतरी भरतच असते: कधी गिऱ्हाईक चढ्या कपातून, कधी मालक आपल्या नफ्यातून, कधी कामगार आपल्या सभासदत्वातून, तर कधी एखादी संस्था आपल्या भिंतींतून. यांपैकी कोणीच ते भरेनासे झाले, की एके सकाळी ओळखीच्या दारावर कुलूप दिसते. ते दिसण्याआधी, पुढच्या वेळी बिल आल्यावर, आपण किती वेळ बसलो होतो हे एकदा घड्याळात पाहावे.